अंबड–सिन्नर रोजचा फेरा आणि मधूनच भिवंडी: इलेक्ट्रिक पिकअप घ्यावी का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या अंबडला टर्निंगच्या (लेथवरच्या) जॉबवर्कचं वर्कशॉप. रोज सातपूरचे दोन फेरे आणि सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीचा एक, माल सातशे-आठशे किलो. महिन्यातून दोनदा भिवंडी. सध्या डिझेल पिकअप भाड्याने लावता. शोरूमवाला सांगतोय की एका चार्जिंगमध्ये १६० किलोमीटर जाते, भिवंडी आरामात होईल. शिवाय गिरणारे गावात भावाचे टोमॅटो आहेत, तेही त्याच गाडीतून निघतील का, हे विचारलंय.

माझं मत सरळ सांगतो. रोजच्या फेऱ्यांसाठी गाडी जरूर घ्या, भिवंडी त्यातून वगळा. आमचा पुठ्ठ्याच्या बॉक्सचा पुरवठा आहे आणि कामावर इलेक्ट्रिक आणि डिझेल अशा दोन्ही गाड्या आहेत, त्यामुळे दोन्हीकडचा खर्च रोज डोळ्यांसमोर असतो.

१६०चा आकडा खोटा नाही. टाटाच्या एस ईव्ही १०००ची प्रमाणित रेंज १६१ किलोमीटर आहे आणि बॅटरी २१.३ युनिटची (वीजबिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॉट-तास). पण ती रेंज ठरावीक चाचणीतली. आपल्याकडे लोखंड भरलेलं, मध्ये मोहदरी घाट, उन्हाळ्यात चाळीसचं ऊन आणि द्वारका चौकातली गर्दी. भरल्या गाडीला किलोमीटरमागे ०.२ युनिट धरा. म्हणजे २१ युनिटमध्ये साधारण १०५ किलोमीटर. बॅटरी पार तळाला न्यायची नाही म्हणून १५ टक्के राखून ठेवलेत तर हातात नव्वदच उरतात. तुमचा रोजचा रस्ता मोजा: माळेगाव जाऊन-येऊन सत्तरच्या आसपास, सातपूरचे दोन फेरे मिळून वीस-पंचवीस. बेरीज नव्वद-पंचाण्णव. जमतं, पण काठावर. म्हणून सिन्नरहून परतल्यावर दुपारी जेवणाच्या वेळेत गाडी प्लगला लावायची सवय ठेवावीच लागेल. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिट जातात. दोन तासांत पंचवीस-तीस किलोमीटरची सोय होते आणि संध्याकाळी ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागत नाही.

आता भिवंडी. बहुतेक लोक कसारा घाटाला घाबरतात. रेल्वेलाही त्या घाटात मागून बँकर इंजिन लावावं लागतं, त्यामुळे भीती समजण्यासारखी आहे. पण हिशोब करून पाहा. कसारा ते इगतपुरी चढ साधारण तीनशे मीटरचा. दोन टन वजन तीनशे मीटर वर उचलायला दीडेक युनिट लागतं, वाया जाणारं धरून दोन. म्हणजे अख्खा घाट बॅटरीतला जेमतेम दहावा हिस्सा खातो, आणि उतरताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे, म्हणजे ब्रेक लावताना मोटर उलट वीज तयार करते त्यामुळे, थोडं परतही मिळतं. खरी अडचण अंतराची आहे. नाशिक ते भिवंडी एका बाजूचे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. वाटेत चार्जिंग करावं लागणारच, तिकडून निघतानाही करावं लागणार. त्यात या गाड्यांचा सर्वाधिक वेग ६०-७०च्या घरात, म्हणजे ड्रायव्हरचा दिवस तिथेच संपला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यापासून तो मार्ग अनेकांच्या डोक्यात आहे, पण इलेक्ट्रिक वाहनांची टोलमाफी प्रवासी चारचाकी आणि बससाठी आहे, मालवाहू गाडीला नाही. हे गैरसमजाने धरून चालणारे पुष्कळ आहेत. भिवंडीच्या दोन फेऱ्यांसाठी आजच्याप्रमाणे भाड्याचं डिझेलच लावा. महिन्यातल्या दोन दिवसांसाठी पंचवीस दिवसांची गाडी निवडायची नसते.

पैशांचा भाग नीट वाचा. इलेक्ट्रिकची बचत किलोमीटरमागे होते. गाडी जितकी पळेल तितकी ती फिटते, उभी राहिली तर काहीच वाचत नाही. वर्कशॉपच्या मीटरवर चार्ज केलं तर किलोमीटरला साधारण दोन रुपये पडतात. डिझेल नव्वदीच्या घरात आणि छोटी मालवाहू गाडी पंधराएक किलोमीटर देते असं धरलं तर सहा रुपये. फरक चार रुपयांचा. टाटाने जून २०२५मध्ये एस प्रो आणली तेव्हा त्याच गाडीची पेट्रोलची सुरुवातीची किंमत ३.९९ लाख होती आणि इलेक्ट्रिकची ६.५० लाख. म्हणजे अडीच लाख जास्त. रोज नव्वद किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस धावली तर महिन्याला नऊ हजार वाचतात आणि सव्वादोन-अडीच वर्षांत फरक भरून निघतो. तीच गाडी रोज तीसच किलोमीटर फिरली तर महिन्याला तीन हजार, म्हणजे सात वर्षं. बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी सात वर्षांचीच असते. दिवसाला पन्नासच्या आत चालवणाऱ्याला मी इलेक्ट्रिक घ्या असं सांगत नाही. तुमचं रनिंग आहे, म्हणून सांगतोय.

जीएसटीबद्दल शोरूममध्ये खूप ऐकवलं जातं. इलेक्ट्रिकवर ५ टक्के. डिझेल-पेट्रोल मालवाहूवर आधी २८ होता, २२ सप्टेंबर २०२५पासून १८ झाला. पण तुमची जीएसटी नोंदणी आहे. मालवाहू वाहनावर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे तो कर तुमच्या देय जीएसटीतून वजा होतो, मग ती गाडी डिझेलची असो की इलेक्ट्रिक. त्यामुळे हा १३ टक्क्यांचा फरक तुमच्यासाठी जवळपास नाहीच. तो ज्याची नोंदणी नाही त्याच्या कामाचा. तुलना करताना दोन्ही किमती जीएसटी वगळून मांडा. आणि केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ट्रकसाठी जी मदत आहे ती साडेतीन टनांवरच्या गाड्यांना आहे, आपल्या मापाच्या गाडीला नाही. राज्याच्या २०२५च्या धोरणात मोटार वाहन कराची माफी आहे, ती पदरात पडते. राज्याचं प्रोत्साहन अनुदान मात्र कोटेशनमध्ये आधीच वजा करून दिलं असेल तरच धरा. ‘नंतर खात्यावर येईल’ असं म्हणत असतील तर त्या भरवशावर हप्ता ठरवू नका. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिक मालवाहूला १५ टक्के सूट असते, ती कोटेशनमध्ये दिसते का ते तपासा.

पासिंगचा, म्हणजे गाडीला कागदोपत्री किती माल मान्य आहे याचा, मुद्दा तुम्ही विचारलाच नाही, आणि लोखंडाच्या धंद्यात तोच सगळ्यात मोठा आहे. नाशकात पिकअप म्हटलं की डोळ्यांसमोर बोलेरो येते आणि तिच्यात दीड-दोन टन टाकायची सगळ्यांना सवय आहे. इलेक्ट्रिकमध्ये तसं धरून चालू नका. पहिली एस ईव्ही ६०० किलोची होती, मे २०२४मध्ये १००० किलोची आली. एस प्रो ईव्ही ७५० किलो, महिंद्राची झीओ ७६५पर्यंत, यूलरची स्टॉर्म १२५० किलो आणि तिची बॅटरी ३० युनिटची. तुमचा माल आठशेपर्यंत जातो, म्हणजे साडेसातशेच्या गाड्या यादीतून काढा. शाफ्टचे बिन (माल भरायचे डबे) दिसायला छोटे असतात. हौद्यात जागा रिकामी दिसते आणि सुपरवायझर ‘अजून दोन टाका’ म्हणतो. जास्त वजनाने पाटे बसतात, टायर लवकर जातात, रेंज पडते, आणि बॅटरी-मोटरचा क्लेम आला की कंपनीकडे गाडीचा सगळा डेटा असतो. तुमच्यासाठी एक टन किंवा सव्वा टनाचीच गाडी. सव्वा टनवालीत बॅटरी मोठी असल्याने दुपारच्या चार्जिंगची निकडही राहत नाही. फक्त त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाशकात आहे की नाही, आणि गाडी बंद पडली तर पुण्याहून माणूस यायला किती दिवस, हे आधी विचारा. एका गाडीचा साधा सुटा भाग यायला इतका वेळ लागला की आम्हाला तेवढे दिवस भाड्याची गाडी लावावी लागली. हप्ता तर चालूच असतो.

चार्जिंगच्या जागेवर काटकसर करू नका, हे मनापासून सांगतो. भिंतीतल्या जुन्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून रात्रभर गाडी चार्ज करणारे मी पाहिलेत. पहाटे प्लगला हात लावला तर चटका बसतो, आणि काही आठवड्यांत सॉकेटची छिद्रं तपकिरी पडतात. तासन् तास पूर्ण भार घेणारी दुसरी वस्तू त्या सॉकेटवर कधी लागलेलीच नसते. मीटरपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा, निळं इंडस्ट्रियल सॉकेट बसवा, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (गळती झाली की तोडणारा) द्या. अर्थिंगचा खड्डा नवीन करून घ्या. अर्थिंग कमजोर असेल तर चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही. लोक गाडीला दोष देतात आणि दोष असतो जागेचा. मंजूर भार पुरतो का तेही वायरमनला विचारा. लेथ चालू असताना तीन किलोवॉट आणखी वाढणार आहेत. मीटर टीओडी (वेळेनुसार वेगळा दर लावणारं) असेल तर महावितरणच्या बिलावर वेळेचे दर पाहा: सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत असते आणि त्यानंतर जादा आकार. म्हणजे दुपारचं चार्जिंग दुहेरी फायद्याचं. रात्रीचं चार्जिंग बाराच्या पुढे लावा. बाहेरच्या फास्ट चार्जरवर दर बराच जास्त आणि वर १८ टक्के जीएसटी. रोज तिथेच चार्ज करायची वेळ आली तर वरचा चार रुपयांचा फरक निम्म्यावर येतो.

परमिटची कटकट नाही. विजेवरच्या मालवाहू वाहनांना २०१८पासून परमिटातून सूट आहे. नंबर प्लेट हिरवी, अक्षरं पिवळी. ड्रायव्हरला साधा एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना चालतो.

डेमो गाडी मागा, आणि ती कॉलेज रोडवर रिकामी फिरवू नका. सकाळी १०० टक्के करून अंबडला आणायला सांगा, तुमचेच बिन भरा, तुमचाच ड्रायव्हर बसवा. निघताना, मोहदरी घाट चढल्यावर, माळेगावच्या गेटवर आणि परत आल्यावर, अशा चार ठिकाणी टक्के आणि किलोमीटर लिहून घ्या. चढताना टक्के झरझर उतरतील, परतीला गाडी रिकामी आणि उतार असल्याने आकडा हळू हलेल. त्यामुळे अर्ध्या वाटेवरून अंदाज बांधू नका, पूर्ण फेऱ्याचाच धरा. सत्तर किलोमीटरला ६५ टक्क्यांपेक्षा जास्त गेले तर २१ युनिटची बॅटरी तुम्हाला अपुरी आहे, मोठी पाहा. जो विक्रेता भरलेल्या गाडीची चाचणी द्यायला नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

कुंभाच्या तयारीत २०२७पर्यंत शहरात खोदकाम आणि वळवलेले रस्ते राहणारच. गर्दीत उभं राहताना डिझेल जळत राहतं, इलेक्ट्रिकचं जवळपास काही जात नाही. सातपूरच्या फेऱ्यांत हा फायदा तुम्हाला पहिल्या महिन्यातच जाणवेल.

आता भावाचे टोमॅटो. क्रेट वीस किलोचा; पन्नास क्रेट म्हणजे एक टन झाला, आणि तोड्याच्या दिवशी पन्नासवर कोण थांबतं? बाजाराची वेळही दुपारनंतरची, म्हणजे नेमकी तुमची गाडी सिन्नरहून परतून प्लगला लागण्याची. त्यात पावसाळ्यात बांधावरच्या चिखलातून भरलेली गाडी काढायची. भाऊ तुमचाच आहे, एकदा हो म्हटलं की हंगामभर नाही म्हणता येणार नाही. त्याला आत्ताच सांगा की टोमॅटोला गावातली डिझेल पिकअपच लावायची.