अ‍ॅप बॅटरी जास्त खातं म्हणून लोक खरंच ते काढून टाकतात का?

काढून टाकतात, पण सरसकट नाही. तुमचं अ‍ॅप बस कुठवर आली ते दाखवतं, आपला स्टॉप जवळ आला की सूचना देतं, आणि हल्ली रिव्ह्यूमध्ये ‘बॅटरी खातं’ अशी तक्रार वाढली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी अँड्रॉइड अ‍ॅप्स बनवतो. माझं ठाम मत आहे की लोकांना बॅटरी खर्च झाल्याचा राग येत नाही, काही न मिळता खर्च झाल्याचा येतो. मुंबईहून रत्नागिरीपर्यंत नकाशा चालू ठेवला तर फोन तापतो, चार्जर लावावा लागतो, तरी नकाशाला कुणी नावं ठेवत नाही. पण फोन दिवसभर खिशातच होता आणि तरी सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या यादीत तुमचं अ‍ॅप सगळ्यात वर दिसलं, की ते गेलंच समजा.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आयफोनवरच्या फेसबुकबद्दल अशीच ओरड झाली होती. कंपनीनेच नंतर कारणं सांगितली. नेटवर्कच्या कोडमधला एक भाग प्रोसेसरला विनाकारण राबवत होता, आणि व्हिडिओ बघून अ‍ॅपमधून बाहेर पडल्यावरही ऑडिओ सेशन आवाजाविना चालूच राहत होतं. वापरणाऱ्याच्या पदरात यातलं काहीच पडत नव्हतं.

तुमच्याकडे मी आधी सर्व्हरला वारंवार होणारी विचारणा तपासेन. मोबाइल डेटाचा रेडिओ एकदा जागा झाला की काम संपल्यावरही काही सेकंद जास्त वीज घेत राहतो. म्हणून दर अर्ध्या मिनिटाला चिमूटभर डेटा मागवणं म्हणजे एकेका तांब्यासाठी विहिरीवर खेप घालणं. स्क्रीनवर बस दिसत असेल तेव्हाच विचारा. बाकीची कामं वर्कमॅनेजरकडे, म्हणजे मागे चालणारी कामं सोयीच्या वेळी करणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीकडे द्या, तो ती एकत्र उरकतो.

जाहिराती असतील तर तिथेही बघा. पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये काही लोकप्रिय फुकट अ‍ॅप्स तपासली, तेव्हा त्यांतली ६५ ते ७५ टक्के ऊर्जा बाहेरच्या जाहिरात मॉड्यूल्सवर जात होती. तेव्हापासून बरंच बदललंय, तरी दुसऱ्याच्या एसडीकेचा (आपल्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या तयार कोडचा) खर्च आपल्याच नावावर लागतो, हे आजही तितकंच खरं आहे.

डार्क मोड द्या, पण त्यावर विसंबू नका. फायदा ओएलईडी स्क्रीनवरच (तिथे काळा भाग उजळावा लागत नाही), आणि नेहमीच्या मध्यम ब्राइटनेसला तोही थोडाच. त्यापेक्षा प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गुगलच्या डेव्हलपरसाठीच्या पानावर, अँड्रॉइड व्हायटल्स हा अ‍ॅपच्या तब्येतीचा अहवाल उघडून अडकून राहिलेले वेकलॉक (फोनला झोपू न देणारे आदेश) शोधा.

स्टॉपच्या सूचनेसाठी मात्र जीपीएस लागणारच, तो लपवू नका. ‘स्टॉप येईपर्यंत लोकेशन चालू आहे’ असं नोटिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहा, शेजारी ‘थांबवा’ बटण द्या, आणि स्टॉप आला की लोकेशन आपोआप बंद होतंय ना, ते स्वतः बसमध्ये बसून तपासा.