जमिनीवरची टक्कर : टॉवरची परवानगी आणि वैमानिकाची नजर

प्रश्न : माझी मुलगी खान्देशातल्याच एका संस्थेत विमान चालवण्याचे प्रशिक्षण घेत आहे. गेल्या महिन्यात सकाळी ती प्रशिक्षकांसोबत विमान टॅक्सी करत (जमिनीवरून चालवत) धावपट्टीकडे नेत असताना, पुढे उभ्या असलेल्या संस्थेच्याच दुसऱ्या सेसना विमानाच्या शेपटीला तिच्या विमानाच्या उजव्या पंखाचे टोक लागले. वेग माणसाच्या चालीइतकाच होता, कोणाला साधे खरचटलेही नाही आणि टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने, पुढे जाण्याची परवानगी दिलेली होती. यात चूक कोणाची? नोंद झाली तर तिच्या लायसन्सला बाधा येईल का? संस्थेतले लोक ‘किरकोळ आहे, विसरून जा’ म्हणतात आणि नातेवाईकही प्रकरण वाढवू नका असेच सांगतात.
— एक पालक, अमळनेर

उत्तर : मुलगी सुखरूप आहे, ही मोठीच गोष्ट. मात्र ‘विसरून जा’ हा सल्ला आपण मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टॉवर जी परवानगी देतो ती कोणत्या मार्गाने कुठपर्यंत जायचे याची असते. आपल्या पंखाचे टोक आणि पुढच्या विमानाची शेपटी यांच्यात किती अंतर उरले आहे, हे दुरून, टॉवरच्या काचेतून नेमके जोखता येत नाही. ते पाहण्याची जबाबदारी चालत्या विमानातल्या वैमानिकाची असते आणि शंका आली तर थांबून रेडिओवर तसे सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार असतो. मागून जाणाऱ्याने पुढच्यापासून पुरेसे अंतर राखावे, हा नियम हवेत लागू आहे तसाच जमिनीवरही आहे. प्रशिक्षकासोबतच्या उड्डाणात विमानाचे प्रमुख वैमानिक प्रशिक्षकच असतात, त्यामुळे हात विद्यार्थिनीचे असले तरी पहिला जाब प्रशिक्षकांना द्यावा लागतो. पुढचे विमान थांबण्याच्या पिवळ्या रेषेच्या बरेच अलीकडे उभे राहिले असेल, तर त्याची शेपटी मागच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमाने धावपट्टीकडे नेण्याच्या वाटेवर, आलेली असू शकते. तपासात हेही मोजले गेले पाहिजे, पण तेवढ्याने चालत्या विमानाची जबाबदारी संपत नाही.

इतक्या कमी वेगात हे घडतेच कसे, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. सेसना १७२ या विमानाचा पंखविस्तार सुमारे ११ मीटर असतो आणि वैमानिक डाव्या आसनावर बसतो, म्हणजे उजवे टोक त्याच्यापासून जास्त लांब असते. आपल्याकडे कापसाने फुगलेली ट्रॉली बाजारात आणताना चाके रस्त्यावर नीट असूनही दोन्ही बाजूंचा माल दुकानांच्या पाट्यांना घासतो, तसेच हे आहे : नजर चाकांखालच्या मधल्या रेषेवर असते आणि धोका बाजूला असतो. सेसनाचा पंख डोक्याच्या वर असल्याने काहीजण जमिनीवरच्या सावलीवरून अंतराचा अंदाज घेतात, परंतु सकाळी ऊन तिरपे असताना ती सावली पंखाच्या बरोबर खाली पडत नाही, बाजूला सरकलेली असते. उन्हाळ्यात खान्देशातला उकाडा टाळण्यासाठी उड्डाणे भल्या सकाळी सुरू करावी लागतात, म्हणजे नेमक्या त्याच वेळी उगवतीचे ऊन डोळ्यांवर येते. त्यात विद्यार्थ्याची मान चेकलिस्टमध्ये खाली गेलेली असेल, तर काही सेकंदांत विमान कित्येक फूट पुढे गेलेले असते. म्हणूनच चांगले प्रशिक्षक विमान हलताच ब्रेक तपासायला लावतात आणि चेकलिस्ट थांबूनच वाचायला सांगतात.

आता नोंदीविषयी. केवळ पंखाचे टोक, प्रोपेलर (पुढचा फिरता पंखा), अँटेना, टायर किंवा ब्रेक एवढ्यापुरतेच नुकसान मर्यादित असेल आणि कोणी जखमी नसेल, तर नियमांच्या व्याख्येनुसार तो ‘अपघात’ ठरत नाही. ‘किरकोळ’ हा शब्द बहुधा इथूनच येतो. मात्र अपघात न ठरलेल्या टकरीही आंतरराष्ट्रीय पद्धतीत ‘गंभीर घटने’च्या उदाहरणांत मोडतात, त्यामुळे ती कळवणे ऐच्छिक नाही. विमान अपघात तपासाच्या नियमांत अशा घटनेची सूचना शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय व विमान अपघात तपास ब्युरो यांना देण्याची तरतूद आहे. २७ मार्च २०२४ रोजी कोलकाता विमानतळावर दोन प्रवासी विमानांचे पंख एकमेकांना घासले, तेव्हाही कोणी जखमी झाले नव्हते, तरीही महासंचालनालयाने चौकशी लावून संबंधित वैमानिकांना कामावरून बाजूला केले होते. नोंद झाल्याने आपल्या मुलीचे शिक्षण आपोआप थांबत नाही. नोंद दडवली आणि नंतर ती उघड झाली, तर मात्र तिच्या शब्दावरचा विश्वास जाईल, आणि वैमानिकाच्या कारकिर्दीत ते अधिक महाग पडते. तिने आपले निवेदन स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावे : कुठे पाहत होती, वेग किती वाटला, ब्रेक कधी दाबले, प्रशिक्षक काय बोलले.

नोंदीपेक्षाही आम्हाला दोन्ही विमानांच्या तपासणीची काळजी अधिक वाटते. पंखाच्या टोकाचे फायबरचे टोपण बदलता येते, पण त्याच्या आत जोडणीला धक्का बसला आहे का हे उघडून पाहावे लागते. शेपटीकडे तर आणखी बारकाईने पाहावे लागते. एलिव्हेटर (विमानाचे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती फळी) दोन्ही टोकांपर्यंत अडखळत नाही ना, बिजागरीत ढिलेपणा नाही ना, शेपटीजवळच्या पत्र्यावर सुरकुती उमटली आहे का, रिव्हेटभोवती काळसर कड दिसते का, हे सगळे परवानाधारक अभियंत्याने तपासून लिहून द्यायचे असते. प्रोपेलर कशाला लागला असेल, तर इंजिन एकदम अडल्याने क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) इजा झालेली असू शकते आणि ती बाहेरून दिसत नाही. तेव्हा संस्थेकडे तपासणीची लेखी नोंद मागा. ती मिळेपर्यंत मुलीने या दोन्ही विमानांत बसू नये.

प्रश्न : दोन विमाने टॅक्सीवेवर समोरासमोर आली, तर आपल्या रस्त्याप्रमाणे डावीकडे घ्यायचे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. समोरासमोर आल्यास दोघांनी थांबावे, आणि जागा असेल तर प्रत्येकाने उजवीकडे वळावे. हा नियम भारतातही तसाच आहे, त्यामुळे दुचाकीवर वाढलेल्या आपल्या मुलांना सुरुवातीला तो उलटा वाटतो. दोन मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यायची. लहान धावपट्ट्यांवरचे टॅक्सीवे बहुधा अरुंद असतात. तिथे वळण्याचा प्रयत्न न करता ब्रेक दाबून उभे राहावे आणि गरज पडल्यास इंजिन बंद करून विमान हातांनी मागे ढकलून घ्यावे.