रत्नागिरी जिल्ह्यातल्या नियोजित जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पात जमीन गेली माडबन परिसराची, मग शेजारच्या साखरी नाटे गावचे मच्छीमार विरोध का करतात?

कारण त्यांचं पोट समुद्रावर आहे. मूळ आराखड्यानुसार प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि तापलेलं परत सोडायचं, अशी योजना आहे. पाणी तापलं की मासळी किनारा सोडणार, ही त्यांची मुख्य भीती. शिवाय सुरक्षेचा बंदोबस्त आला की होड्यांच्या वाटाही अडणार. समुद्राचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो, त्यामुळे इथल्या भूसंपादनाच्या हिशेबात हे नुकसान धरलंच गेलं नाही. मला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो. माडबनच्या बागायतदारांपैकी अनेकांनी तर सुरुवातीला मोबदल्याचे धनादेशच नाकारले होते.

मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमा अणुवीज केंद्राची दुर्घटना झाली आणि पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, नाटे गावात प्रकल्पविरोधी आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात गावातला एक तरुण गेला. तेव्हापासून तिथे कुणी मोबदल्याचा आकडा वाढवून विरोध मिटवू पाहत असेल, तर त्याला गाव कळलेलं नाही.