22 लाखांची शिडाची नौका: एकट्याने नको, तिघांत घ्या

बेलापूरच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 44, नवरा-बायको दोघं नोकरीत, हातात महिन्याला 3 लाख 10 हजार येतात. घराचा हप्ता 62 हजार, घरखर्च 1 लाख 10 हजार, एसआयपी 70 हजार. म्युच्युअल फंडात 68 लाख, अडीअडचणीसाठी 9 लाखांची मुदतठेव, मुलगी अकरावीत. चार वर्षं दुसऱ्यांच्या नौकांवर क्रू म्हणून ते शर्यतीत उतरत आहेत. आता गेटवेसमोर उभी असलेली, 1998 साली बांधलेली 31 फुटी नौका त्यांना 22 लाखांना मिळते आहे. शर्यतीही करायच्या आणि सुटीत घरच्यांना घेऊन मांडवा-मुरूडपर्यंत जायचं, अशी हौस आहे. 12 लाख फंडातून आणि 10 लाख गृहकर्जावरच्या टॉप-अपमधून, म्हणजे वाढीव कर्जातून, उभे करायचा बेत आहे. घ्यावी का?

घ्या, पण अशी नको. कारण 22 लाखांत दडलेलं नाही, ते दरवर्षीच्या खर्चात आहे.

मी धरलेले आकडे असे. तुमच्या क्लबचे दर घेऊन ते दुरुस्त करा. मूरिंग, म्हणजे पाण्यात नौका बांधून ठेवायची जागा, आणि क्लबची वर्गणी 1 लाख 20 हजार. बोटमनचा पगार आणि दिवाळी मिळून 2 लाख 60 हजार. पावसाळ्याआधी क्रेनने बाहेर काढणं, चार महिने झाकून ठेवणं आणि परत पाण्यात सोडणं, 1 लाख. तळाचा रंग आणि धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावायचे जस्ताचे तुकडे 70 हजार. इंजिनची देखभाल आणि डिझेल 45 हजार, विमा 33 हजार, शर्यतींची फी आणि सुरक्षासाहित्य 40 हजार. शिडं आणि डोलकाठीच्या तारा यांच्यासाठी दरवर्षी बाजूला ठेवायचे 1 लाख 55 हजार. बेरीज 8 लाख 23 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 68,500.

आता तुमचा महिना पाहा. हप्ता, घरखर्च आणि एसआयपी गेल्यावर उरतात 68 हजार. नौका सगळेच्या सगळे मागते, वर टॉप-अपचा हप्ता आहेच: 9 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी 10 लाख घेतले तर महिन्याला 12,668. नौका कदाचित सहा वर्षांत विकाल, कर्ज मात्र त्यानंतरही चार वर्षं फेडत राहाल. हे कर्ज नकोच.

शिडं आणि तारांसाठीचे ते 1 लाख 55 हजार बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत आणि तिथेच फसतात. शर्यत आणि भटकंती एकाच नौकेवर करायची तर शिडांचे दोन संच लागतात. शर्यतीचं लॅमिनेटचं शीड हलकं असतं, आकार पक्का धरतं, पण आपल्याकडच्या उन्हात आणि दमटपणात त्याचे थर सुटतात, बुरशी धरते. तेच शीड लावून मांडव्याला गेलात की शर्यतीसाठी राखलेलं आयुष्य सहलीत संपलं. भटकंतीला जाड डॅक्रॉनचं, म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टरचं, शीड ठेवा, ते वर्षानुवर्षं चालतं. वजनाचंही तसंच. भरलेली पाण्याची टाकी, नांगराची लांब साखळी, शेगडी, गाद्या हे सगळं शर्यतीच्या आदल्या दिवशी उतरवायला माणूस लागतो. तळावर शेवाळाचा पातळ थर आला तरी वेग पडतो, शंखशिंपले बसले तर विचारूच नका. हंगामात पाणबुड्याला बोलावून तळ पुसून घ्यावा लागतो.

हंगामही छोटा आहे. ऑक्टोबर ते मे, त्यातले शनिवार-रविवार. लग्नकार्यं आणि परीक्षा वजा केल्या तर 30 फेऱ्या झाल्या तरी खूप. पहिल्या वर्षीची 6 लाखांची दुरुस्ती धरून नौका 28 लाखांना पडली आणि सहा वर्षांनी 14 लाखांना गेली, तर दरवर्षी 2 लाख 33 हजारांची घट. 28 लाखांवर 7 टक्क्यांनी बुडालेला परतावा 1 लाख 96 हजार. सगळं मिळून 12 लाख 52 हजार, म्हणजे एका फेरीला जवळपास 42 हजार.

हे पैसे वाया जातात असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात दुपारी वायव्येचा वारा उठतो, शीड भरतं, इंजिन बंद होतं आणि सुकाणू सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात असतं. वारा वाचायला, भरतीचा हिशेब करायला आणि चार माणसांनी एकमेकांवर विसंबायला ती तिथे शिकते. हे विकत घेण्याजोगं आहे. फक्त तिच्या शिक्षणाच्या पैशातून नको. 68 लाखांपैकी 30 लाख आजच वेगळे करा आणि दोन वर्षांत लागणारी रक्कम मुदतठेव किंवा लिक्विड फंडात हलवा.

मग दोन भागीदार शोधा. 28 लाखांचा तिसरा हिस्सा 9 लाख 33 हजार, महिन्याचा भार सुमारे 23 हजार. हे तुमच्या उरलेल्या 68 हजारांत बसतं. एसआयपीला हात लागत नाही. करार लेखी हवा: कोणता शनिवार-रविवार कोणाचा, शर्यतीत मोडतोड झाली तर खर्च कसा वाटायचा, कोणाला बाहेर पडायचं झालं तर सर्व्हेअरच्या, म्हणजे नौका तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, मूल्यांकनाने आधी उरलेल्या दोघांना विचारायचं. दरमहा ठरलेली रक्कम संयुक्त खात्यात पडलीच पाहिजे. दुरुस्ती आली की वर्गणी गोळा करू, म्हणणाऱ्या भागीदाऱ्या पहिल्या मोठ्या बिलाला तुटतात. विम्यात तिघांची नावं हवीत आणि शर्यतीत शिडं-डोलकाठीचं होणारं नुकसान स्पष्ट शब्दांत धरलेलं हवं. ते बहुधा जादा प्रीमियम भरल्याशिवाय मिळत नाही.

कराचं थोडक्यात. नव्या नौकेवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, म्हणून जुनीच बरी. खाजगी मालकाकडून घेतलीत तर जीएसटी लागत नाही. व्यापाऱ्याकडून 10 लाखांवरची घेतलीत तर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर, कापला जातो, तो विवरणपत्रात परत मिळतो. नौका ही वैयक्तिक वापराची वस्तू, त्यामुळे विकताना झालेला तोटा कुठेही वजा होत नाही. हिश्श्याचे पैसे इक्विटी फंडातून काढताना निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये काढा, म्हणजे 1 लाख 25 हजारांची नफ्यावरची सूट दोनदा वापरता येते.

नौका घराजवळ नेरूळ-बेलापूरला आणू, असंही तुम्ही लिहिलं आहे. ओहोटीला ज्या गाळात फ्लेमिंगो गुडघाभर पाण्यात उभे असतात, तिथे 1.8 मीटर खोल कील, म्हणजे तळाखालचं जड पातं असलेली नौका कशी तरंगेल? शिवाय गेटवेकडे जाताना अटल सेतूखालून जावं लागतं. अँटेनासकट डोलकाठीची उंची आणि उधाणाच्या भरतीला पुलाखाली राहणारी मोकळी जागा बंदर कार्यालयातून लेखी घेतल्याशिवाय तो विचारही नको.

तपासणीला स्वतंत्र सर्व्हेअर लावा आणि सोबत उभे राहा. डोलकाठीच्या तारा जिथे डेकमध्ये उतरतात, त्याभोवती छोट्या हातोडीने टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आतला बाल्सा लाकडाचा गाभा पाण्याने कुजलेला असू शकतो. तारांच्या खालच्या टोकाला तपकिरी डाग किंवा केसासारखी चीर दिसली तर सगळ्या तारा बदलायच्या, साधारण साडेतीन लाख. कील जिथे तळाला मिळते, तिथे पुढच्या बाजूला हसऱ्या ओठांसारखी भेग असेल तर नौका कधीतरी जोरात आपटलेली असू शकते. मग आतून कीलच्या मागच्या टोकाजवळच्या आडव्या पट्ट्याही पाहा. तळाच्या फोडातून आंबट वासाचं पाणी आलं तर पाणी फायबरग्लासात मुरलेलं आहे. सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनपासून तळातून थेट खाली पंख्याकडे जाणारी जोडणी, असेल तर त्याचा रबरी पडदा शेवटचा कधी बदलला ते बिलासह मागा. व्होल्व्हो पेंटा ही इंजिन बनवणारी कंपनी तो सात वर्षांनी बदलायला सांगते. पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चाक काढून पाती मोजा. बंदरातली प्लास्टिकची पिशवी तोंडाला अडकली की पाण्यावाचून पंप कोरडा फिरतो, पाती तुटतात आणि तुकडे थंडाव्याच्या नळ्यांत जाऊन बसतात.

हे सगळं मेच्या शेवटी करा. नौका तेव्हा पावसाळ्यासाठी बाहेर निघालेली असते, तळ दिसतो, आणि विकणाऱ्याला चार महिन्यांचा सांभाळखर्च समोर दिसत असतो. बयाणा देताना सर्व्हे समाधानकारक नसेल तर पूर्ण परत, असं पावतीवर लिहून घ्या.