शब्द पाठ होतात, पण टिकत नाहीत

प्रश्न: ताई, बँकेच्या परीक्षेसाठी रोज ३० अवघड इंग्रजी शब्द पाठ करते, चौथ्या दिवशी पाटी कोरी. काय करू?

उत्तर: अगं, ३० जरा जास्तच होतात, ८-१० घे पण एका कुळातले घे. लॅटिनमध्ये बेने म्हणजे चांगलं, माले म्हणजे वाईट, म्हणून बेनेव्होलंट म्हणजे भलं चिंतणारा, मॅलेव्होलंट वाईट चिंतणारा, आणि मलेरियाही त्यातलाच बरं का, इटालियनमध्ये माल आरिया म्हणजे खराब हवा, तेव्हा वाटायचं ताप हवेनेच येतो, डास नामानिराळा! पण सगळीकडे हे लावू नकोस, मॅलेट म्हणजे साधा लाकडी हातोडा. आणि प्रत्येक शब्दाचं घरातलं वाक्य कर, मी मॅलेव्होलंट शेजारच्या बोक्यावर बसवलाय, दुधाच्या पातेल्याकडे बघतोच तसा.