जो रस्त्याने आला, तोही आला

धुळे
ऑक्टोबर, दुसरा आठवडा

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

विमान उडवायचा खासगी परवाना हातात पडून महिना झाला नाही तोच तू छोट्या विमानांच्या मेळाव्याचं मनावर घेतलंस, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या यादीत सगळं आहे. बॅनर आहे, टी-शर्ट आहेत, ड्रोनचं चित्रीकरण आहे, आमदारांच्या हस्ते उद्घाटनसुद्धा आहे. आलेल्या वैमानिकांनी परत किती वाजता निघायचं, तेवढं मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात करतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याला नियमाने सूर्यास्तानंतर जेमतेम २० मिनिटं मिळतात, आणि ती वापरायची नसतात, हे तुला शिकवताना शंभरदा सांगून झालंय. छत्रपती संभाजीनगरकडे किंवा नाशिककडे परतणाऱ्याला तासभर हवेत जाणार, वर समोरून वारा असला तर आणखी. म्हणजे शेवटचं चाक साडेतीनला जमिनीवरून सुटलं पाहिजे. अडीचला इंजिनांची तपासणी, दीडला जेवण आटोपलेलं. आता यात भाषणं कुठे बसवशील ते तूच बघ. एका ठिकाणी मी पाहिलंय, पाहुणे दोन तास उशिरा आले आणि वैमानिक पहिल्या रांगेत हारतुरे घेऊन, घड्याळाकडे चोरून बघत बसले होते. निघताना एकेकाची जी घाई झाली ती बघवत नव्हती. उद्घाटन हवंच असेल तर पाहुण्यांना कार्यक्रम सकाळी नऊचा सांग आणि नऊला सुरू कर.

दुसरी गोष्ट आकड्याची. तू पन्नास विमानांचं लिहिलंयस. बेटा, आपल्या भागात स्वतःचं विमान असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळी क्लबची, प्रशिक्षण संस्थांची. ती एका रविवारपुरती मिळाली तरी उपकार. अमेरिकेतल्या ओश्कोशचे व्हिडिओ बघून तुझे डोळे दिपलेत, त्यात तुझा दोष नाही. तिथे दर जुलैमध्ये दहा हजारांवर विमानं उतरतात. पण त्याच देशात साउथ कॅरोलिनामध्ये एक न्याहारी मंडळ आहे. १९३८ पासून ते एकाआड एक रविवारी, दर खेपेला वेगळ्या धावपट्टीवर जमतं. खायचं, गप्पा मारायच्या, घरी जायचं. मला विचारशील तर आपला गुरू तो. चार विमानं आणि तीस माणसं आली की तुझा मेळावा भरला असं समज. मात्र दिवस पक्का ठेव. महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे दुसरा रविवार, लग्नसराई असो की क्रिकेटचा सामना. तारीख एकदा सरकली की पुढच्या वेळी लोक फोन करून विचारतात, आणि विचारावं लागलं की अर्धे येत नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लांबवतोय ते. असा मेळावा भरवणारा माणूस नकळत एक धोका तयार करत असतो. एरवी एखादा वैमानिक धुकं बघून सरळ घरी चहा पीत बसला असता. पण आज चारजण वाट बघतायत, बायकोला सांगून झालंय, मुलगा सोबत आहे, भरीत तयार होतंय. मग तो म्हणतो, ‘जाऊन तर बघू.’ परतीला तेच, उद्या ऑफिस आहे. विमान बिघडून जेवढे अपघात होतात त्याहून मला या ‘जाऊन तर बघू’ची जास्त भीती वाटते. आणि ही ओढ तू लावलेली असतेस. प्रेमाने लावलेली असली तरी लावलेलीच.

म्हणून पहिला नियम असा कर: जो रस्त्याने आला, तोही आला. मोटारीने येवो, एसटीने येवो, भुसावळ-सुरत पॅसेंजरने येवो, त्याला तेच ताट, तीच खुर्ची आणि गटाच्या फोटोत मधली जागा. सगळ्यात लांबून उडत आलेल्याला बक्षीस वगैरे भानगड ठेवू नकोस. नेमक्या रेषेवर चाक टेकवण्याची स्पर्धा तर मुळीच नको. नवशिक्यांच्या अंगात तेव्हाच येतं. सकाळी कुणाला ‘काय भो, निंघना का?’ असा फोन करायचा नाही. गटावर कुणी ‘नाही जमत’ एवढंच लिहिलं तर खाली होकाराचा अंगठा टाकायचा, कारण विचारायचं नाही. आणि उडत येऊन अर्ध्यातून माघारी फिरलेल्या माणसाचं नाव जेवताना मुद्दाम काढ, कौतुकाने. हे पाच-सहा महिने केलंस की लोकांना सवय लागेल. परतीसाठीही सोय असू दे: विमान रात्रभर बांधून ठेवायला जागा, राखणीला माणूस, आणि दोघातिघांना मुक्कामाला घरं. राहता येतं हे माहीत असलेला माणूस साडेचारला घाईने इंजिन सुरू करत नाही.

हवेचं तू पुस्तकात वाचलंयस, पण खान्देशचं थोडं वेगळं सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला हंगाम. तरी तापीकाठी सकाळी धुकं साचतं आणि शेतातल्या जाळाचा धूर त्यात मिसळला की आठ-नऊपर्यंत ५ किलोमीटर दिसणंही मुश्कील. तेवढी दृश्यता हा नियमाचा किमान आकडा आहे; तू मनात आठ धर. म्हणून येण्याची वेळ साडेनऊनंतरची दे. मार्चपासून दुपारी वावटळी उठतात आणि हवा धक्के देऊ लागते. एप्रिल-मे मध्ये भरवायचाच असेल तर उजाडताना ये आणि नऊला घरी जा. पारा ४३ वर गेला की सात-आठशे फुटांवरच्या आपल्या धावपट्टीवर विमानाला हवा चार हजार फुटांवरची, तेवढी विरळ लागते. प्रमाणित तापमानापेक्षा एक अंश वर म्हणजे साधारण १२० फूट, हा हिशेब तोंडपाठ ठेव. दोन माणसं, पूर्ण टाकी आणि मागे केळीचे दोन घड घेऊन मे महिन्याच्या दुपारी कुणी निघालं, तर केळी उतरवून घे. रागावले तर रागावू देत.

पश्चिमेकडून येणाऱ्यांना साक्रीकडच्या पवनचक्क्यांचं आधीच कळव. ब्राह्मणवेलच्या पठारावर त्या शेकड्याने आहेत आणि पांढुरक्या हवेत पांढरी पाती दिसत नाहीत. पूर्वेकडच्यांना दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या लांबून दिसतात, त्यांची चिंता नाही. तिथून निघणाऱ्या वीजवाहिन्या दिसत नाहीत, त्यांची आहे. हतनूर धरणाच्या पाण्यावर थंडीत पाहुणे पक्षी उतरतात, तिथून खालून जायचं नाही.

उतरायला येण्याचा रस्ता सगळ्यांना एकच दे. ओश्कोशची मला आवडलेली गोष्ट ही: विमानं रिपन गावापासून फिस्कपर्यंत रेल्वेचे रूळ धरून, एकामागे एक, १,८०० फुटांवर, ९० नॉट वेगाने येतात. रेडिओवर कुणी बोलत नाही. खालचा नियंत्रक विमानाचा रंग सांगून पंख हलवायला सांगतो, तेवढंच उत्तर. आपल्याला इतकं नको, पण रूळ आपल्याकडेही आहेत. जळगावकडून येणाऱ्याने धरणगाव, मग अमळनेरला बोरी नदीवरच्या पुलापाशी रेडिओवर पहिली हाक द्यायची आणि तिथून धुळ्याकडे वळायचं. जळगावच्या टॉवरशी बोलूनच त्यांच्या हद्दीतून यायचं, तिथे प्रवासी विमानं असतात. दक्षिणेकडच्यांना लळिंगचा किल्ला चुकणं अशक्य. धावपट्टीवर टॉवर नसला तर प्रत्येकाने उतरण्याच्या फेरीतला आपला टप्पा डाउनविंड, बेस, फायनल असा रेडिओवर स्पष्ट सांगायचा. मराठीत गप्पा खाली उतरल्यावर.

कागदपत्रांचं थोडक्यात. ज्याची धावपट्टी त्याची लेखी परवानगी, तोंडी नाही. जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस ठाण्यात पत्राची प्रत, पोच घेऊन. प्रत्येक वैमानिकाचा फ्लाइट प्लॅन, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) क्रमांक ज्याचे त्याने घ्यायचे, परतीचेही. विम्याची प्रत तू आधी मागून घे. संकोच वाटेल, पण ती दाखवायला जो आढेवेढे घेतो त्याने पुढच्या वेळी मोटारीने यावं. आणि खासगी परवान्यावर पैसे घेऊन कुणाला फिरवता येत नाही. गावातली माणसं येतीलच, ‘ताई, एक चक्कर, दोन हजार देतो.’ तिथे हसून, हात जोडून नाही.

इंधनाचं कुणाला वचन देऊ नकोस. सेसना १७२ तासाला तीस-पस्तीस लिटर खाते आणि तिला लागणारं निळं अ‍ॅव्हगॅस आपल्याकडे वाटेल तिथे मिळत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत तर ते परदेशातूनच यायचं. २०२२ मध्ये आपल्याकडे बनू लागलं. निमंत्रणात ठळक लिही: परतीचं आणि वर राखीव इंधन घेऊनच यावे. हलक्या विमानांतल्या रोटॅक्स इंजिनवाल्यांना साधं पेट्रोल चालतं, म्हणून त्यांनी फार ऐट करू नये.

जमिनीवरचं काम वरच्याइतकंच. विमान बघायला पोरं येणार, आणि आलीच पाहिजेत; त्यांच्यासाठीच तर आपण हे करतो, असं मला म्हातारपणी वाटायला लागलंय. पण फिरणारा पंखा दिसत नाही आणि बंद पंखाही कधी फिरेल सांगता येत नाही. दोरी बांध, दोरीपाशी दोन खमकी माणसं उभी कर, शक्यतो शाळेतल्या पीटीच्या बाई. शेवटचं इंजिन थांबेपर्यंत दोरी कुणासाठीही खाली होणार नाही, नगरसेवकासाठीही नाही. नंतर पोरांना एकेक करून आत बसव, दांडा हातात दे, फोटो काढू दे. शेजारच्या शेतकऱ्यांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून ये. बैल बुजले, शेळ्या धावपट्टीवर आल्या, की चूक त्यांची नसते. त्यांनाही जेवायला बोलाव. पुढच्या महिन्यापासून शेळ्या तेच आवरतील.

जेवणाला हॉटेलवाला नको. थंडीत खान्देशात लोक जमतात ते भरीतासाठी, आपण फक्त त्यात विमानं घालतोय. वांगी बामणोदची मिळाली तर उत्तम. भाजायला पऱ्हाटीच्या काड्या, सोबत कळण्याची भाकरी, कांद्याची पात, ठेचा. गॅसवर भाजलेलं भरीत घेऊन आलीस तर मी येणार नाही. जाळ मात्र विमानांपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तो धूर वरून येणाऱ्याला वारा दाखवतो, हा फायदा आपल्याला फुकटात. आदल्या रात्री ‘बसायचं’ ठरवणारे दोघेतिघे असतातच. उड्डाणाआधी १२ तास थेंबही नाही, हे त्यांना माहीत असतं, तरी तू मुक्कामाच्या घरी आठवण कर.

खर्च डोक्यामागे वाटून घे, जेवणाच्या दिवशीच. प्रायोजक मिळाला तर नको म्हण. खुर्च्या भाड्याने आणायच्या, बॅनर एकच, त्यावर वर्ष छापायचं नाही म्हणजे दरवर्षी चालतो.

जून ते सप्टेंबर उडायचं नाही, पण दुसरा रविवार चुकवायचाही नाही. हँगरमध्ये नाहीतर कुणाच्या ओसरीवर जमा. एखाद्या मेकॅनिकला बोलवा आणि उघडलेलं कार्ब्युरेटर मध्ये ठेवून बसा. कुणाला उतरताना काय झालं ते ज्याचं त्याला सांगू द्या, वर उपदेश करू नका. शेवभाजी असली की माणसं पावसातही येतात. या चार महिन्यांत जो येत राहिला त्याच्याकडे पुढच्या वर्षीचं एक काम सोपव, कारण सगळं तू एकटीने करायला लागलीस तर दुसऱ्या थंडीतच कंटाळशील. आणि दर खेपेला यजमान वेगळा असू दे: एकदा धुळे, एकदा शिरपूर, एकदा जळगाव, जिथे परवानगी मिळेल तिथे. शिरपूरकरांना धुळेकरांपेक्षा जास्त चांगलं करून दाखवायचं असतं, हे तुला माहीत आहेच.

डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आहे. तिकडून चक्कर मारून येऊ असं कुणीतरी म्हणणारच, घोडे वरून छान दिसतील म्हणून. गर्दीवरून जायचं नाही. यात्रा बघायची तर पायी जा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी येतो. विमानाने नाही, माझ्या मेडिकल सर्टिफिकेटची मुदत संपलीय. सकाळी सातला बसस्टँडवर कुणाला तरी मोटरसायकल घेऊन पाठव, आणि दोरीपाशी उभं राहायला मला लाव.

तुझे
काका

ता. क. विमानं बांधायच्या खुंट्या दीड हात लांब लोखंडी घे, लाकडी नकोत. थंडीत काळी माती वाळून भेगाळते, त्यात ठोकलेली खुंटी हाताने निघते. मुरुमाची जागा शोध, आणि ठोकून झाल्यावर प्रत्येक खुंटी दोघांनी ओढून बघा.