पूर यायच्या आधी बोटीच्या ट्रॉलीच्या फळ्या बदला

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं गाव निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या काठावर. 2019 च्या पुरानंतर आमच्या तरुण मंडळानं वर्गणी काढून कोकणातून 14 फुटी जुनी फायबरची बोट आणली, ट्रॉलीसकट. बोट ज्या दोन लांब फळ्यांवर बसते त्या आता कुजल्यात आणि वरचं कार्पेट लोंबतंय. सुतार म्हणतो, 19 एमएमच्या प्लायवूडच्या पट्ट्या कापून घालू. पोरं म्हणतात, कार्पेट नकोच, टायरचं रबर ठोकू. आणि गावात क्रेन नाही, मग बोट उतरवायची कशी?
— एक वाचक, ता. निपाणी

उत्तर : सुतारालाही थांबवा आणि पोरांनाही. प्लायवूडची अरुंद पट्टी कापली की तिच्या चारी कडा उघड्या पडतात आणि तिथूनच पाणी आत जातं. थर सुटायला लागले की वरून कार्पेट चांगलं दिसतं आणि आत नुसता भुगा असतो. टायरच्या रबराचा त्रास वेगळा. त्याला पकड फार. बोट ढकलताना सरकणार नाही, शिवाय पांढऱ्या फायबरवर काळे पट्टे उठतील. पुराच्या वेळी बोट चार माणसांनी झटक्यात पाण्यात लोटता आली पाहिजे. कार्पेट त्यासाठीच असतं. ते ओलं असलं की बोट छान घसरते, म्हणून कोरड्यात उतरवायची वेळ आली तर आधी कार्पेटवर दोन बादल्या पाणी ओता.

आता क्रेनचं. क्रेन लागतच नाही. बंधाऱ्याच्या फुगवट्याला पाणी आहे तोवर ट्रॉली मागं घेत पाण्यात न्या, बोट तरंगवा, काठाला बांधा आणि रिकामी ट्रॉली सुताराच्या दारात आणा. पाणी आटलं असेल तर जमिनीवरही जमतं, पण घाई करायची नाही. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली ठेवा, चाकांना पुढं-मागं दगड लावा, बोटीचं नाक पुढच्या पट्ट्यानं आवळून बांधा. मग मागच्या बाजूला बोटीखाली जाड लाकडाचे ठोकळे घालून जॅकनं फळीवरचा भार निघेल एवढंच उचला. एक फळी काढायची, नवी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. जॅकच्या भरवशावर बोटीखाली कुणी डोकं घालू नये, अगदी स्क्रू पडला तरी.

जुनी फळी सोडायच्या आधी टेप घ्या. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोत इंच दिसत नाहीत. दोन फळ्यांतलं अंतर आणि ट्रॉलीच्या लोखंडी चॅनेलपासूनची उंची, पुढं आणि मागं दोन्हीकडं, मोजून चॅनेलवरच रंगानं लिहून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फळीचं मागचं टोक. बोटीची जी मागची उभी बाजू आहे, जिला तुम्ही इंजिन लटकवता, तिच्या अगदी खालपर्यंत फळी पोचली पाहिजे. ती सहा इंच आधीच संपली तर इंजिनाचा सगळा भार अधांतरी राहतो, आणि काही वर्षांत तळाला बाक येतो. मग पाण्यात बोट सरळ धावत नाही आणि लोक इंजिनाला शिव्या देतात. आम्ही बेळगावच्या उद्यमबागेत ऊस ओढायच्या ट्रॉल्या बांधण्यात उभा जन्म काढला. तिथं माल कुठंही टेकला तरी चालतो, बोटीचं तसं नाही.

लाकूड सागवान मिळालं तर उत्तमच, पण मंडळाच्या वर्गणीत बसणार नाही. खानापूरकडची मत्ती (ऐन) चालेल, वाळलेली बघून घ्या. गाडीला आपल्याकडं बाभूळ वापरतात, पण दहा फूट सरळ बाभूळ शोधायला वर्ष जाईल. निलगिरी नको, पिळते आणि चिरते. फळी अखंड हवी, जोड नको. 4 इंच रुंद आणि 2 इंच जाड, आडवी. हलका बाक असेलच, तर तो वर येईल अशी बसवा. बोटीच्या वजनानं ती सपाट होते. जळकं ऑइल अजिबात चोपडू नका. खांबांना ठीक आहे, इथं त्यावर गोंद धरणार नाही आणि कार्पेट बोटीला काळं करेल. जवसाचं तेल पाजा, पूर्ण वाळू द्या, आणि दोन्ही टोकांना एपॉक्सीचे दोन हात द्या. लाकूड पाणी पितं ते टोकाकडूनच.

कार्पेट पॉलीप्रॉपिलीनचं, पाठीला ताग किंवा फोम नसलेलं. मांडवात अंथरतात ते स्वस्त मिळतं, पण लवकर झिजतं. होड्या-लाँचवाल्यांकडं मिळणारं गोव्याहून मागवा. चोर्ला घाटातून रोज कुणी ना कुणी येतंच की. पट्टी 10 इंच रुंद कापा: वरचे 4, दोन बाजूंचे 2-2 आणि खाली दोन्हीकडून 1-1 वळवायला. खालचे मधले 2 इंच उघडेच सोडायचे. तुमच्या जुन्या फळ्या उलट्या करून बघा, बहुतेक खालूनही गुंडाळल्या असतील. पाणी आत गेलं आणि बाहेर यायला वाट राहिली नाही, म्हणून त्या कुजल्या. नवं कार्पेट कितीही भारी घातलंत तरी ही वाट बंद केलीत तर पुन्हा तेच.

पांढरा फेव्हिकॉल नको, पाण्यात सुटतो. चपला-रेक्झिनवाले वापरतात तो रबरी गोंद दोन्हीकडं लावा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. पिना स्टेनलेसच्याच, आणि फक्त खालच्या बाजूला. त्या मिळाल्या नाहीत तर स्टेनलेसचे बारीक स्क्रू वायसर घालून लावा. फळीच्या वरच्या अंगाला धातूचं काहीही नको. फळी ट्रॉलीला खालून षटकोनी डोक्याच्या गॅल्व्हनाइज्ड स्क्रूनं आवळा, लांबी अशी की लाकडात दीड इंचापेक्षा जास्त शिरणार नाही. आरपार बोल्टच घालायचे असतील तर डोकी लाकडात बुडवून, मग वर कार्पेट.

एवढी खटपट करताय तर चाकांच्या बेअरिंगला नवं ग्रीस भरा. पाण्यात बुडणाऱ्या ट्रॉलीचं पहिलं तेच जातं.

प्रश्न : हिडकल जलाशयाजवळ आमच्याकडं छोटी अॅल्युमिनियमची बोट आहे. ट्रॉलीच्या फळ्यांसाठी दुकानदारानं वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं हिरवट पाइन दिलंय. घालू का?
— एक वाचक, ता. हुक्केरी

उत्तर : नको. हिरवट छटा बहुधा तांब्याच्या क्षारांची असते. ओल्या कार्पेटमधून ते अॅल्युमिनियमला लागले की पत्र्याला खड्डे पडायला लागतात, आणि ते दिसतात बोट उलटी केल्यावरच. फायबरच्या बोटीला चाललं असतं. तुम्ही दुकानदाराला परत द्या आणि बिनऔषधाचं लाकूड घ्या. घेत नसेल परत, तर कुंपणाला वापरा.